चार कवड्या, सात क्रॉस

पहाटेचे पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. म्हैसूरच्या हूटगळ्ळीतल्या एका नव्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, उंच टाकीच्या पायथ्याशी, नरहरी उकिडवा बसून सिमेंटच्या झाकणावर चार कवड्या टाकत होता. चारही उताण्या पडल्या. म्हणजे चौका. चौका पडला की आणखी एकदा टाकायचं. दुसऱ्या खेपेला तीन उताण्या, एक पालथी. चार आणि तीन सात. आदल्या दिवशी पाणी पाचव्या क्रॉसपासून, म्हणजे सातांतल्या पाचव्या गल्लीपासून, सुरू झालं होतं. तिथून सात पुढं मोजलं की पुन्हा पाचवाच क्रॉस येतो.

असं आठ महिन्यांत चौथ्यांदा होत होतं. नरहरीनं खिशातली वही काढली, बॅटरीच्या उजेडात ‘१४ ऑगस्ट, ४ + ३, पाचवा’ असं लिहिलं, कवड्या डबीत टाकल्या, चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर घेतली आणि पाचव्या क्रॉसच्या तोंडाशी जाऊन खड्ड्याचं झाकण उचललं. पाच दहाला व्हॉल्व्ह उघडायला सुरुवात. तेरा फेरे. मग त्यानं चावीच्या मुठीला कान लावला. पाणी निघालं होतं.

या ले-आउटमध्ये मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या सात गल्ल्या आहेत. म्हैसूरच्या रिवाजाप्रमाणे त्यांना नावं नाहीत. पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस, असे आकडे आहेत. प्रत्येक क्रॉसला एक व्हॉल्व्ह, प्रत्येकाला चाळीस मिनिटं पाणी. पाच दहाला सुरू, नऊ पन्नासला बंद. आधीचा व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी पुढचा उघडायचा, नाहीतर पाइपला धक्का बसतो आणि कच्चे सांधे फुटतात. मधल्या वेळात गल्ली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, गळती बघायची, कुणाच्या घरापुढची जमिनीखालची टाकी भरून वाहत असेल तर हाक मारायची. दोनशे बारा घरं. रविवार नाही, सण नाही. दसऱ्यालाही लोक पाणी पितातच.

नरहरी बावन्न वर्षांचा आहे. त्याचं घराणं शिंप्यांचं, म्हैसुरात पाच पिढ्या झालेलं. घरात मराठी, दारात कन्नड आणि दोन्हीच्या मधल्या उंबऱ्यावर दोन्ही. अग्रहाराजवळच्या दुकानात त्यानं सतरा वर्षं ब्लाउज शिवले. पुढं दुकान धाकट्या भावाकडं गेलं आणि नरहरी पाणी सोडण्याचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागला. त्याला आता अडीच वर्षं झाली.

काम त्याला कठीण गेलं नाही. कठीण गेलं ते रोज तेच असणं. पहिल्या महिन्यातच त्यानं तेरा फेऱ्यांवर उपाय काढला. त्याच्या आईचं माहेर सोसले गावात. लहानपणी आजोळी जाताना बस जिथं जिथं थांबायची ते थांबे तो एकेका फेऱ्याला मनात घ्यायचा. तेराव्या फेऱ्याला बस गावच्या मठासमोर उभी. बंद करताना बस उलटी यायची. काही महिन्यांनी बसचा कंटाळा आला. मग त्यानं अंदाज लावायला सुरुवात केली: या गल्लीत आज पहिली मोटर कुणाची सुरू होणार? वहीत आधी घर नंबर लिहायचा, मग कान देऊन चालायचं. चार महिन्यांत त्याचे अंदाज इतके बरोबर यायला लागले की त्यातही मजा राहिली नाही. तिसऱ्या क्रॉसचा रिटायर्ड बँकवाला दररोज पहिला, यात अंदाज तो काय लावायचा?

क्रम मात्र रोजचा तोच राहिला. पहिला, दुसरा, तिसरा, असं करत सातवा. आधीच्या माणसानं तसा ठेवला होता, कारण चालायला तसा सोपा पडतो. गेल्या डिसेंबरात एका पहाटे नरहरी टाकीखाली उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की पुढचे चार तास चाळीस मिनिटं मिनिटामिनिटानं काय होणार हे त्याला ठाऊक आहे. त्यानं नंतर सांगितलं त्याप्रमाणे, त्या दिवशी तो ‘उघड्या डोळ्यांनी झोपून’ काम करून आला.

घरी त्याची आई सोयराबाई आणि बायको भाग्या रोज दुपारी चौकाबारा खेळतात. पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढं. चारही पालथ्या पडल्या तर आठ. चौका किंवा आठ पडले तर आणखी एक खेप. नरहरीनं पटाची जागा ले-आउटला दिली. काल जिथून पाणी सुटलं तो क्रॉस हे आपलं घर. जितकं पडेल तितके क्रॉस पुढं जायचं, सातव्यानंतर पुन्हा पहिला. तिथून आजचं पाणी सुरू, आणि पुढचे सहा ओळीनं. चाळीस मिनिटं सगळ्यांना तेवढीच. एवढाच बदल. त्यानं आईच्या डब्यातल्या जुन्या, गुळगुळीत झालेल्या चार कवड्या उचलल्या आणि त्यांच्या जागी बाजारातून आणलेल्या चार नव्या ठेवल्या. कुणाला काही सांगितलं नाही.

या बदलाचा एक परिणाम नरहरीनं मनात धरला नव्हता. टाकी भरलेली असते तेव्हा पाण्याला जोर असतो. उतरत जाते तसा तो कमी होतो. पूर्वीच्या क्रमात सातव्या क्रॉसला रोज उरलेलं पाणी मिळायचं. जानेवारीत सातव्या क्रॉसच्या वनजा यांनी त्याला रस्त्यात थांबवलं. त्या बालवाडी चालवतात, दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि तीन वर्षं बादल्या जिन्यानं वर नेत होत्या.

“नरहरण्णा, आमच्याकडं आता वरपर्यंत पाणी येतं. काय केलंत?”

“मी काय करणार अक्का. टाकी ठरवते.”

हे उत्तर त्याला आवडलं. पुढं ज्यानं विचारलं त्याला त्यानं हेच दिलं. आज चौथ्यापासून का? टाकी ठरवते. काल आमचा शेवटी का? टाकी. लोकांना वाटलं, आत काहीतरी यंत्र बसवलं असेल. पाच महिने हे उत्तर पुरलं. सहाव्या क्रॉसवरच्या विश्रामला पुरलं नाही.

विश्राम छत्तीस वर्षांचा, मूळचा धुळ्याचा. एका सॉफ्टवेअर कंपनीत तो आकड्यांतून चुका शोधण्याचं काम करतो. नऊ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त म्हैसुरात आला, चार वर्षांपूर्वी या ले-आउटमध्ये घर घेतलं. घराची जमिनीखालची टाकी लहान. पाणी कधी येणार हे माहीत नसेल तर ती एकतर रिकामी राहते नाहीतर वाहते. जूनमध्ये एका सकाळी त्यानं नरहरीला गाठलं आणि अडखळत्या कन्नडमध्ये विचारलं. नरहरीनं त्याची अडचण ओळखून सरळ मराठीत उत्तर दिलं.

“टाकी ठरवते सार.”

“तुम्ही मराठी? वा! पण काका, टाकी कशी ठरवेल? टाकीला एकच आउटलेट आहे, मी पाहिलंय.”

“मग तुम्ही पाहिलंय अल्वा, नाही का? आयतु, झालं तर,” असं म्हणून नरहरी चावी घेऊन पुढच्या व्हॉल्व्हकडं गेला.

विश्रामनं त्याच दिवशी तक्ता सुरू केला. २० जून ते १९ ऑगस्ट, एकसष्ट दिवस, रोज कोणता क्रॉस पहिला. त्यात त्याला नियम सापडेना. वाराशी संबंध नाही, तारखेशी नाही, वीज जाण्याशी नाही. प्रत्येक क्रॉस आठ ते दहा वेळा पहिला आलेला. त्याच्या धंद्यात इतक्या समान वाटणीचा एक अर्थ असतो: कुणीतरी मुद्दाम समान ठेवतंय. आणि मग त्याला एक जागा सापडली. एकसष्ट दिवसांत फक्त एकदा एकच क्रॉस लागोपाठ दोन दिवस पहिला आला होता. १३ आणि १४ ऑगस्टला, पाचवा. १४ तारखेला पाचव्या क्रॉसवर एका घराची वास्तुशांत होती. तीनशे पानं उठली होती. त्या दुपारी मांडवाच्या कडेला बसून होळिगे, म्हणजे पुरणपोळी, खाताना नरहरीला विश्रामनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

रहिवासी संघाला त्यानं चार पानी पत्र दिलं. सोबत तक्ता, दोन रंगांत. निष्कर्ष एका ओळीचा होता: पाण्याचा क्रम गरजेप्रमाणे विकला जातो, आणि सगळ्या क्रॉसना सारखी संधी मिळते याचा अर्थ हा व्यवहार सगळ्या क्रॉसवर चालतो.

“म्हणजे सगळेच देतात?” त्याच्या बायकोनं, जयवंतीनं, विचारलं.

“हो.”

“आपण देतो का?”

“नाही.”

“आपल्या सहाव्या क्रॉसला कितीदा पहिलं पाणी आलं?”

“आठ वेळा.”

“मग आपल्या वाटचं कोण देतंय?”

यावर विश्राम म्हणाला की शेजाऱ्यांना विचारायला हवं.

संघाचे सचिव विजयेंद्र हे निवृत्त मुख्याध्यापक. पत्र आलं की ते पुढं पाठवणं त्यांना चुकवता येत नाही. त्यांनी ते ठेकेदाराला पाठवलं. ठेकेदारानं नरहरीला फोन केला आणि दोनच वाक्यं बोलला. रविवारी सभेत येऊन सगळ्यांसमोर खुलासा करायचा. लोकांचं समाधान झालं नाही तर सोमवारपासून मेटगळ्ळीच्या बाजूचं पंपघर.

पंपघरात पगार तेवढाच आहे आणि चालणं नाही. पहाटे चार वाजता हिरवं बटण दाबायचं, दहा वाजता तांबडं. मधले सहा तास खुर्चीत बसून दर अर्ध्या तासाला काट्याचा आकडा वहीत लिहायचा. गेल्या वर्षी कुणाच्या तरी रजेत नरहरीनं तिथं तीन दिवस काढले होते. पहिल्या दिवशी त्यानं काटा कुठं थांबेल याचा अंदाज लावायचा खेळ काढला. काटा तीनही दिवस एकाच जागी थांबला. बाकी सगळ्या कामांत त्याला काही ना काही खेळ सापडला होता. तिथं सापडला नाही. तिथला नेमणुकीचा माणूस सहा वर्षं त्या खुर्चीत होता आणि काम समजावून देताना वाक्य अर्धवट सोडायचा, हे नरहरीच्या लक्षात राहिलं होतं.

त्यानं घरी सांगितलं ते शनिवारी संध्याकाळी, जेवणापूर्वी. डबी काढली आणि कवड्या आईसमोर जमिनीवर ठेवल्या.

सोयराबाई एकोणऐंशीच्या आहेत. त्यांनी एक कवडी उचलली, अंगठ्यानं फिरवली, दुसरी उचलली.

“ह्या माझ्या.”

“हो.”

“मग डब्यातल्या कुणाच्या?”

“बाजारातल्या.”

“कधीपासून?”

“डिसेंबर.”

सोयराबाई सुनेकडं वळल्या. “ऐकलंस भाग्या? आठ महिने मी हरायलेय. रोज म्हणतीस, आत्या तुमचा हात गेला, आत्या तुमचा हात गेला. हात नव्हता गेला! ह्यानं कवड्या नेल्या!”

“आत्या, कवड्या माझ्याही त्याच होत्या की,” भाग्या म्हणाली.

“तू गप्प. तुला नव्या चालतात. मला साठ वर्षांची सवय ह्यांची.” मग लेकाकडं: “आणि तू! खेळायचं तर सांगून खेळायचं. सुम्ने, उगीच चोरासारखं टाकीखाली बसून काय? कुणी बघितलं तर काय म्हणेल?”

“तेच म्हणालेत आई. चोर.”

सोयराबाईंनी चारही कवड्या मुठीत घेतल्या, हलवल्या, टाकल्या. तीन. “उद्या घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “पण सगळ्यांसमोर टाक. आणि रविवारी दुपारी मला परत पाहिजेत.”

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी अकरा. बागेत गौरी-गणपतीचा मांडव अर्धा उभा होता. त्याच्याखालीच खुर्च्या मांडल्या होत्या. अडतीस घरांतून लोक आले. ठेकेदार मोटरसायकलला टेकून उभा होता. विश्रामनं तक्त्याच्या प्रती वाटल्या आणि आठ मिनिटं इंग्रजीत बोलला. मग विजयेंद्र यांनी नरहरीला पुढं बोलावलं.

नरहरीनं टेबलावर कवड्या ओतल्या आणि बाजूला वही ठेवली.

“हे ठरवतं सार. टाकी नाही. टाकी म्हणालो ते खोटं.”

मांडवात आधी हशा, मग एकदम पाच-सहा आवाज. कुणीतरी पाठीमागून ओरडलं, “आमच्या पाण्यावर जुगार?” तिसऱ्या क्रॉसचे बँकवाले उभे राहिले आणि म्हणाले, हे म्हणजे हद्द झाली, बँकेत असं कुणी केलं असतं तर घरी पाठवला असता. नरहरी थांबला. आवाज खाली आल्यावर त्यानं नियम सांगितला, एकदा कन्नडमध्ये आणि विश्रामकडं बघून एकदा मराठीत. नियम समजायला कुणालाच वेळ लागला नाही. निम्म्या घरांत तो पट होता.

“मग १४ ऑगस्ट?” विश्रामनं विचारलं. “पाचवा क्रॉस, दोन दिवस. वास्तुशांत.”

“नोडी, बघा सार, चौका पडला, मग तीन. चार नि तीन सात. सात क्रॉस. फिरून तिथंच.” त्यानं वही उघडून ते पान पुढं केलं. “होळिगे खाल्ली ते खरं. तीनशे लोकांनी खाल्ली. तुम्ही पण होता.”

विश्रामनं वही घेतली आणि खुर्चीत बसून आपल्या तक्त्याशी ताडून पाहायला लागला. सभा वीस मिनिटं इतर विषयांवर गेली, मांडवाच्या दिव्यांवर आणि भटक्या कुत्र्यांवर. मग तो उठला.

“साठ दिवस जुळतात. एक जुळत नाही. ८ जुलै. वहीत दुसरा क्रॉस आहे, माझ्याकडे चौथा.”

“आठ जुलैला तू धुळ्याला होतास,” जयवंती मागच्या रांगेतून म्हणाली. “तू फोन करून विचारलंस. मी झोपेत होते, चौथा म्हणून टाकलं.”

या वेळी हसण्यात विश्रामही होता, थोडा उशिरा. त्यानं विकले जाण्याचा आरोप मागं घेतो असं स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि ते विजयेंद्र यांना इतिवृत्तात लिहायला लावलं. पण तेवढ्यावर थांबणं त्याच्या स्वभावात नाही.

“आरोप नाही, पण पद्धत चुकीचीच आहे. उद्या पाणी कधी येणार हे माणसाला कळायला नको? साधा उपाय आहे. रोज एक क्रॉस पुढं. सोमवारी पहिल्यापासून, मंगळवारी दुसऱ्यापासून. समान वाटणी, आणि वर्षभराचा तक्ता आजच छापता येईल. कवड्यांची गरजच नाही.”

माना हलल्या. ठेकेदारानंही मान हलवली. विजयेंद्र यांनी नरहरीला विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं.

“तक्ता लावा, मी तक्त्याप्रमाणं सोडतो,” नरहरी म्हणाला. आवाज चढला नव्हता. “पण मग हे नि पंपघर, फरक काय? तिकडंच पाठवा. तिकडं निदान खुर्ची आहे.”

ठेकेदारानं मोटरसायकलवरून हात काढला. हा ले-आउट चालवायला दुसरा माणूस शोधायचा तर त्याला सात व्हॉल्व्हांची सवय लावण्यात दोन महिने जातात, आणि तेवढ्या वेळात दोन सांधे फुटतात. हे त्याला माहीत होतं. नरहरीला ते माहीत आहे, हेही त्याला माहीत होतं.

तेवढ्यात वनजा उठल्या. त्यांच्या हातात विश्रामनं वाटलेला कागद होता आणि त्याच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलनं काहीतरी मांडलं होतं.

“क्रॉस किती? सात. वार किती? सात. म्हणजे सोमवारी जो शेवटी, तो जन्मभर सोमवारी शेवटी. सोमवारी पहिल्यापासून सुरू झालं की सातवा शेवटी. मला सोमवारी साडेआठला शाळा उघडायची असते. पुन्हा बादल्याच ना?”

“आणि रविवारी कोण शेवटी?” जयवंतीनं विचारलं. तिनं बोटांवर मोजलं. “रविवारी सातव्यापासून सुरू. शेवटी सहावा. म्हणजे आपण. अहो तक्तेवाले, रविवारी नऊ दहाच्या आत पाणी नाही. तुमच्या मित्रांचा नाश्ता, त्यांच्या आंघोळी, तुमची गाडी धुणं. जन्मभर.”

विश्रामनं कागदाकडं पाहिलं. तो म्हणाला की आठ दिवसांचं चक्र करता येईल, किंवा दर महिन्याला क्रम बदलता येईल, किंवा... तोवर मांडवातला प्रत्येक क्रॉस आपला आपला वाईट वार शोधून मोठ्यानं सांगायला लागला होता. दुसऱ्याचा बुधवार होता. चौथ्याचा शुक्रवार, आणि चौथ्या क्रॉसवर शुक्रवारी पहाटे घरधुणं आणि पूजा करणाऱ्या बायका जास्त. बँकवाल्यांनीही आपला वार मोजला, आणि मग बँकेचं उदाहरण पुन्हा दिलं नाही.

तोडगा विजयेंद्र यांनी काढला, एरवी इतिवृत्तापलीकडं न जाणाऱ्या माणसानं. कवड्या राहू द्या, पण पहाटे टाकीखाली नकोत. आदल्या संध्याकाळी साडेसहाला, इथं बागेत, ज्याला यायचं त्याच्यासमोर. निकाल फळ्यावर. म्हणजे उद्याचं आजच कळलं. विश्रामला त्यात खोट काढता आली नाही, आणि त्यानं तसं कबूल केलं.

ठेकेदारानं दोन अटी घातल्या. एक महिना बघायचं. क्रमाबद्दल एक जरी तक्रार आली तरी नरहरी पंपघरावर. आणि कवड्या नरहरीनं टाकायच्या नाहीत. त्या दिवशी ज्या क्रॉसला शेवटी पाणी मिळालं, त्या क्रॉसच्या माणसानं टाकायच्या. ही दुसरी अट ऐकून नरहरीनं पहिल्यांदाच खाली बघितलं. टाकीखालची ती दोन मिनिटं, ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं होतं, त्याच्या हातून चालली होती.

“चालेल?” ठेकेदारानं विचारलं.

“चालेल,” नरहरी म्हणाला. “कुणीही टाका. मला आधी कळलं नाही म्हणजे झालं.”

हात वर झाले. बाजूनं बावीस, विरुद्ध सोळा. दुपारी दोन वाजता सोयराबाईंच्या कवड्या घरी परतल्या, रोज संध्याकाळपुरत्या बागेत जायच्या बोलीवर, आणि त्या दिवशी त्यांनी भाग्याला सलग तीन डाव हरवलं.

महिना सरळ गेला नाही. १२ सप्टेंबरला पाचव्या क्रॉसच्या एका गृहस्थांनी क्रिकेटचा चेंडू टाकावा तशा कवड्या टाकल्या आणि एक बागेच्या गटारात गेली. त्यावर सोयराबाई दोन दिवस लेकाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून आणखी एक जुनी कवडी काढून दिली आणि खाली अंथरायला गोणपाट पाठवलं. २० सप्टेंबरला संध्याकाळच्या पावसानं फळा पुसला गेला आणि सकाळी दोन क्रॉसनी आपापलं पाणी पहिलं म्हणून सांगितलं. विश्रामकडं तक्ता होता. तो मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना दाखवून आला आणि लेखी तक्रार झाली नाही. तो आता रोज साडेसहाला येतो. जयवंतीचं म्हणणं असं की तो आकडे टिपायला येतो हे सांगण्यापुरतं. परवा सहावा क्रॉस शेवटी होता तेव्हा त्यानं कवड्या दोनदा फुंकून टाकल्या.

नरहरीनं नवा खेळ पहिल्याच आठवड्यात काढला. कवड्या पडण्याआधी तो वहीत आपला आकडा लिहितो. टाकणाऱ्याचा हात बघून. जोरात हलवणाऱ्याला दोन, घाबरून टाकणाऱ्याला एक, असे त्याचे हिशेब आहेत. शास्त्राला धरून ते कितपत आहेत हे विश्रामनं विचारलं तेव्हा त्यानं वही पुढं केली: पहिल्या पन्नास दिवसांत बावीस बरोबर. विश्रामनं घरी जाऊन मांडणी केली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की रोज डोळे मिटून ‘दोन’ लिहिलं असतं तरी साधारण एकोणीस बरोबर आले असते.

“मग माझे तीन जास्त आले ना सार?” नरहरी म्हणाला.

“तीन म्हणजे काही नाही काका. योगायोग.”

“तुम्ही लिहून बघा एक दिवस.”

विश्रामनं दुसऱ्या दिवसापासून लिहायला सुरुवात केली. एका महिन्यात त्याचे नऊ बरोबर आले, नरहरीचे तेरा. त्यावर बागेत काय बोलणं झालं ते सगळं छापण्यासारखं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ठेकेदारानं पंपघरावर दुसरा माणूस नेमला आणि नरहरीला फोन करून तसं कळवलं. या वेळी एकच वाक्य बोलला.

१९ नोव्हेंबर, बुधवार. आज पाणी पहिल्या क्रॉसपासून सुटलं, त्यामुळं शेवटी सातवा होता आणि कवड्या टाकायला वनजा आल्या. बागेत अकरा माणसं होती. नरहरीनं वहीत ‘एक’ हा आकडा लिहिला, विश्राममध्ये आणि त्याच्यात वही झाकण्यावरून थोडी ओढाताण झाली. वनजांनी कवड्या हलवल्या, गोणपाटावर टाकल्या. दोन उताण्या, दोन पालथ्या. नरहरीचा अंदाज चुकला. त्यानं आकड्यावर फुली मारली, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: गुरुवार, तिसरा क्रॉस ५:१०, चौथा ५:५०, पाचवा ६:३०, सहावा ७:१०, सातवा ७:५०, पहिला ८:३०, दुसरा ९:१०. बंद ९:५०.